कूलंट संपतंय, गळती कुठेच दिसत नाही. हेड गॅसकेटच असेल का?

कृष्णाकाठ | ३ जुलै, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. माझी २०१५ सालची दीड लिटरची डिझेल सेडान आहे, १ लाख १२ हजार किमी झालेत. राहायला कराडला. वडिलांना दर पंधरा दिवसांनी तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं, गाडी मीच चालवते.

गेले दोन महिने कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली सारखी खाली जातेय. जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटर होतात, तेवढ्यात 'मॅक्स'वरचं पाणी 'मिन'च्या खाली. मागच्या खेपेला मापाने भरलं तर ३५० मिली बसलं. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवला, सकाळी पुठ्ठा कोरडा.

परवा परत येताना खंबाटकी घाट चढताना काटा मधल्या रेघेवरून वर सरकला. एसी बंद केला, जागा बघून गाडी कडेला घेतली, दहा मिनिटांत काटा खाली आला. पण वडील शेजारी बसलेले, वर ऊन, मागून ट्रकची रांग. ती दहा मिनिटं मला फार जड गेली.

इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी बाटलीचं झाकण काढून इंजिन चालू केलं, आतले बुडबुडे दाखवले आणि म्हणाले, "ताई, हेड गॅसकेट गेली. हेड उतरवायला लागणार, पंचेचाळीस हजार धरून चाला." (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅसकेट म्हणजे त्याच्या खालचं पॅकिंग.) सकाळी स्टार्ट करताना थोडा पांढरा धूर येतो हेही खरं. ऑइल भरायच्या झाकणाला आतून पिवळट साय धरल्यासारखं काहीतरी आहे. त्यामुळे त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

लागले तर पैसे घालीन, पण आधी खात्री हवी. हेडला हात लावायच्या आधी काय काय तपासून घेऊ?

घाटवाट | ३ जुलै, रात्री ९:५२

पहिलं म्हणजे खात्री होईपर्यंत पुण्याला ही गाडी नेऊ नका. वडिलांसाठी भाड्याची गाडी करा. दुसरं, गाडी तापलेली असताना बाटलीचं किंवा रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. माझ्या मामाचा हात कोपरापर्यंत भाजलेला मी पाहिलाय.

रानवारा_२१ | ३ जुलै, रात्री १०:१५

आमच्याकडे ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात, बारीक गळती बंद होते म्हणे. दुकानात गळती बंद करायची पावडरही मिळते. तात्पुरती वापरून बघायला हरकत नसावी?

जुना_फिटर | ३ जुलै, रात्री ११:०५

रानवारा, हळदही नको आणि पावडरही नको. ट्रकचा जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर वेगळा. आजच्या कारच्या रेडिएटरच्या नळ्या चपट्या आणि अरुंद, हीटरच्या त्याहून बारीक. जे भोक बुजायला हवं ते राहतं आणि नळ्या तुंबतात.

ताई, मी सांगलीकडचा. तीस वर्षं हेच काम केलं, आता हात थकले म्हणून गॅरेज पोराकडे दिलंय. तुम्ही लिहिलेल्या एकाही लक्षणावरून मी हेड खोलणार नाही. लक्षणं खोटी नाहीत, पण त्यातल्या प्रत्येकाला दुसरंही कारण असू शकतं.

बुडबुड्यांचं बघू. पाणी कमी झालेलं होतं, वरून भरलं, एअर काढली नाही. मग सिस्टीममध्ये अडकलेली हवा बाटलीतून निघणारच. थर्मोस्टॅट, म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, ८२ ते ८८ डिग्रीच्या आसपास उघडतो, तेव्हा तर मोठे बुडबुडे येतात. ते काही वेळाने थांबले तर हवा होती. एअर नीट काढल्यानंतरही, गाडी पूर्ण गरम असताना, सोडावॉटरसारखे बारीक बुडबुडे एकसारखे येत राहिले आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढले, तर मात्र तो सिलिंडरमधला जळालेला गॅस.

झाकणाखालची साय. पावसाळा आहे आणि पंधरा दिवसांतल्या पुण्याच्या एका फेरीशिवाय तुमची गाडी गावातल्या गावात फिरत असणार. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाच्या थंड पत्र्याला धरते, ऑइलमध्ये घोटली जाते आणि साय दिसते. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढा. तिच्यावरचं ऑइल काळं आणि साफ असेल, पातळी वाढलेली नसेल, तर पाणी ऑइलमध्ये जात नाही. डिपस्टिकवर कॉफीत दूध घातल्यासारखा रंग दिसला तर गाडी चालूच करू नका. त्यातही लगेच हेड म्हणायचं नाही, ऑइल कूलर फुटला तरी असंच होतं.

आता तुम्ही स्वतः करायच्या दोन गोष्टी, खर्च शून्य. संध्याकाळी गाडी चांगली फिरवून आणा आणि झाकण न उघडता रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना झाकण हळूच फिरवा. गार इंजिनात दाब उरायला नको. जोरात 'फुस्स' आलं तर आत गॅस साठलाय. मग झाकण लावा, गाडी चालू करा आणि रेडिएटरचा वरचा जाड होज (रबरी नळी) हातात धरा. पाणी अजून थंड आहे, होज मऊ लागला पाहिजे. मिनिट-दोन मिनिटांत तो दगडासारखा टणक झाला, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात येतोय आणि मी हेडकडे बोट दाखवीन. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात, ओढणी लांब ठेवा. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो.

एवढं करून कळवा.

लॅबकोट | ४ जुलै, सकाळी ७:३०

काकांनी नीट सांगितलंय. एक भर घालतो. काट्यावर फार भिस्त ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधे धरून ठेवलेला असतो. पाणी ८० डिग्री असो की १००, तो हलत नाही. तो हलला म्हणजे तापमान आधीच बरंच वर गेलेलं असतं. फोनला जोडायचा ओबीडीचा छोटा रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा) मिळतो, त्यावर खरा आकडा दिसतो. आणि पाणी फार खाली गेलं की सेन्सर हवेत उघडा पडतो. तेव्हा इंजिन भाजत असलं तरी काटा खाली दिसू शकतो.

कृष्णाकाठ | ५ जुलै, सकाळी ८:४०

काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. सकाळी झाकण उघडलं, आवाज आला नाही. गाडी चालू करून होज धरला, पाच मिनिटं मऊच होता. नंतर गरम व्हायला लागला तसा हळूहळू फुगला. डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर पुसून बघितली, नुसतं काळं ऑइल. पातळी दोन खुणांच्या मधे, महिन्यापूर्वी होती तिथेच.

पांढरा धूर मात्र पुन्हा दिसला. चालू केल्यावर साधारण दोन मिनिटं. वडील मागे उभे होते, म्हणाले गोडसर वास येतोय. पुढच्या पायपुसण्या उचलून पाहिल्या, कोरड्या आहेत.

जुना_फिटर | ५ जुलै, सकाळी १०:१०

हे चांगलं लक्षण आहे. धुराच्या टोकाशी पाणी आहे, पण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाण्यात घुसत नाही. वडिलांचं नाकही पक्कं आहे. कूलंटमधल्या ग्लायकॉलचा वास तसाच गोड येतो. पण तो धूर मुद्दाम हुंगू नका. उरलेलं कूलंटही उघड्यावर ओतू नका. ते विषारी असतं आणि गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात.

पायपुसण्या कोरड्या म्हणजे हीटर कोअर (गाडीच्या आतल्या हीटरचा छोटा रेडिएटर, तो फुटला की पाणी पायाशी येतं) तूर्त बाजूला ठेवू. आता गॅरेजमध्ये तीन गोष्टी करून घ्या, याच क्रमाने.

आधी झाकण. त्याच्यावर आकडा असतो, ०.९ किंवा १.१, म्हणजे तेवढे बार (दाबाचं माप). निम्मं ग्लायकॉल निम्मं पाणी असलेलं कूलंट उघड्यावर १०७ डिग्रीच्या आसपास उकळतं, पण झाकणाने एक बारभर दाब धरला की सव्वाशे डिग्रीपर्यंतही उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग नाहीतर रबर गेलं की घाटात वाफ होऊन पाणी उडतं आणि घरी आल्यावर खाली थेंब सापडत नाही.

मग प्रेशर टेस्ट. झाकणाच्या जागी हातपंप लावायचा, गार इंजिनावर झाकणाच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि निदान अर्धा तास काट्यावर लक्ष ठेवायचं. दाब उतरत असेल तर टॉर्च घेऊन शोधायचं. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, सील गेलं की तिथून पाणी पाझरतं. गरम ब्लॉकवर ते लगेच सुकतं आणि मागे हिरवा-पांढरा खारट डाग राहतो. तो डाग शोधायला सांगा.

मग कॉम्प्रेशन. डिझेलला ग्लो प्लगच्या (गार इंजिन सुरू करताना तापणाऱ्या प्लगच्या) भोकातून घेतात. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवले तर त्यांच्या मधली गॅसकेट जळाली समजायचं.

माझ्या मनात एक चौथी गोष्ट आहे, पण आधी हे आकडे येऊ देत.

वाडा_चिरेबंद | ५ जुलै, दुपारी १:२५

गॅसकेट खरंच जाते तेव्हा काय होतं ते सांगतो, म्हणजे ताईंना ताडून बघता येईल. माझी पेट्रोल हॅचबॅक, २०१९ चा मे, नाशिकहून घरी येत होतो. रेडिएटरच्या पंख्याचा रिले (पंखा चालू करणारा विजेचा स्विच) गेला होता, मला पत्ता नाही. ट्रॅफिकमध्ये काटा लाल रेघेला टेकला. घर बारा किलोमीटरवर राहिलं होतं आणि मी थांबलो नाही. ती माझी चूक, आजही सलते. तिथे थांबलो असतो तर एका रिलेवर भागलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून सगळी लक्षणं एकदम. चालू केल्यावर मिनिटभरात होज टणक. तीन सिलिंडरांवर चालल्यासारखी गाडी थरथरायची. चार स्पार्क प्लग काढले तर तीन तांबूस-काळे आणि दुसऱ्या नंबरचा वाफेने घासल्यासारखा लख्ख. तो प्लग अजून माझ्याकडे आहे.

हेड उतरवल्यावर लेथवाल्याने त्यावर सरळ पट्टी आडवी धरली आणि खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचं माप) घातला. ०.१५ मिमीचं पान सहज सरकलं. तो म्हणाला ०.०५ च्या वर चालत नाही. अल्युमिनियमचं हेड तापलं की असं वाकतं. फेसिंग केलं (हेड घासून सपाट केलं), हेडची वेगळी प्रेशर टेस्ट करून तडा नाही याची खात्री केली, बोल्ट सगळे नवे घातले. हे बोल्ट आवळताना ताणले जातात, पुन्हा वापरायचे नसतात. जुनेच वापरू म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका.

आणि एक. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका. हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो.

कृष्णाकाठ | ७ जुलै, संध्याकाळी ६:३०

दुसरं गॅरेज शोधलं, मालकांनी सगळं माझ्यासमोर केलं.

झाकण ठीक आहे. प्रेशर टेस्टला १ बार भरला, अर्ध्या तासात ०.८ वर आला. बाहेर कुठेच ओल नाही, वॉटर पंपाचं भोक कोरडं, डाग नाही. कॉम्प्रेशन २७, २६.५, २७, २६ बार.

त्यांच्याकडे ते निळ्या पाण्याचं टेस्टर होतं. बाटलीच्या तोंडावर लावून रबरी फुग्याने आतली हवा ओढतात. गाडी जागेवर चालू असताना रंग निळाच राहिला. मग त्यांनी मलकापूरपर्यंत जोरात चालवून आणली आणि पुन्हा लावलं, तेव्हा किंचित हिरवट झाल्यासारखं वाटलं. मालक म्हणाले, "मॅडम, याच्यावरून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही." त्यांचा हा प्रामाणिकपणा मला फार भावला.

रानवारा_२१ | ७ जुलै, रात्री ८:००

हिरवट झालं म्हणजे गॅस आला. आणि पाण्यात गॅस म्हणजे हेड गॅसकेटच ना? मग आता उशीर का करायचा?

लॅबकोट | ७ जुलै, रात्री ८:३५

त्या पाण्यात ब्रोमोथायमॉल ब्लू असतं. कार्बन डायऑक्साइड मिसळला की द्रव आम्लाकडे झुकतो आणि निळ्याचा हिरवा, मग पिवळा होतो. पेट्रोल गाडीच्या धुरात हा वायू भरपूर, म्हणून गॅसकेट गेलेली असली की रंग झटकन पिवळा होतो. डिझेल इंजिन जागेवर चालू असताना गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतं, त्यामुळे धुरात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण कमी. म्हणून डिझेलला ही चाचणी भार देऊनच करायची असते आणि रंग हिरव्यावरच थांबू शकतो.

पण रानवारा, ही चाचणी एवढंच सांगते की धूर पाण्यात शिरलाय. तो कुठून शिरला हे ती सांगत नाही.

जुना_फिटर | ७ जुलै, रात्री १०:२०

लॅबकोट, माझं वाक्य तुम्ही घेतलंत. चौथी गोष्ट ती हीच. ईजीआर कूलर.

या काळातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात सोडतात, नायट्रोजनचे ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून. तो धूर आधी थंड करायला एक डबा असतो, तोच हा कूलर. आत नळ्यांचा जुडगा, एका बाजूने धूर आणि दुसऱ्या बाजूने इंजिनचं पाणी. तापणं-निवणं रोजचं, वर काजळीतलं आम्ल. काही वर्षांनी आतली एखादी नळी चिरते. मग गाडी बंद केल्यावर पाण्याच्या दाबाने थेंब थेंब धुराच्या बाजूला जातात, सकाळी तेच पांढरा धूर होऊन निघतात. जोरात चालवताना धुराचा दाब वाढला की तो उलटा पाण्यात शिरतो. बाहेर थेंब नाही, ऑइल साफ, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं, होज गार असताना मऊ, टेस्टर अर्धवट हिरवं. ताई, तुमचं सगळं यात बसतंय.

मालकांना सांगा, ईजीआरचा पाईप इनटेकच्या (इंजिनात हवा जाते त्या) बाजूने सोडून आत बघा. काजळी कोरडी भुसभुशीत हवी. ओली चकचकीत किंवा धुऊन निघाल्यासारखी दिसली तर कूलर काढा. एक बाजू बंद करून पाण्याच्या बादलीत बुडवा आणि दुसरीकडून बेताने हवा सोडा.

आणि तोपर्यंत गाडी अजिबात चालवू नका. चिर वाढली आणि रात्रीत सिलिंडरमध्ये पाणी साठलं तर सकाळी पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

टॅक्सी_दहिसर | ८ जुलै, सकाळी ६:५०

काकांच्या म्हणण्याला जोड. आमच्याकडे सीएनजीवाल्यांचं असंच होतं. रिड्यूसरमध्ये (टाकीतल्या गॅसचा दाब उतरवणारा भाग) गॅस प्रसरण पावताना गोठायला नको म्हणून त्यातून इंजिनचं गरम पाणी फिरवलेलं असतं. रिड्यूसर आतून फुटला की गॅस पाण्यात येतो, बाटलीत बुडबुडे. माझ्या भावाने हेड खोललं, फेसिंग केलं, सगळं परत बसवलं, बुडबुडे तसेच. रिड्यूसरच्या दोन्ही पाण्याच्या नळ्या काढून एकमेकींना जोडल्या तेव्हा थांबले. आठ दिवस गाडी उभी, धंदा बुडाला.

कृष्णाकाठ | ११ जुलै, रात्री ९:१०

मंडळी, सापडलं.

पाईप सोडला तर आत एका बाजूला कोरडी काजळी आणि खालच्या बाजूला चार बोटं रुंदीचा पट्टा अगदी स्वच्छ, धातू दिसत होता. कडेला हिरवट ओल. मालकांनी बोट लावून वास घेतला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

कूलर काढून पाण्याच्या बादलीत धरला, हवा सोडली. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग आतल्या नळ्यांच्या टोकाकडून मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे वर आले, एका रेषेत, न थांबता. वडीलही आले होते, वाकून कितीतरी वेळ बघत राहिले.

नवा कूलर, त्याची पॅकिंग, नवं कूलंट, मजुरी धरून साडेअकरा हजार झाले. नंतर पुन्हा प्रेशर टेस्ट केली, तासभर काटा १ बारवरून हलला नाही. हेडला कुणी पाना लावला नाही.

काका, तुम्हाला मी ओळखत नाही, पण तुम्ही रात्री जागून लिहिलंत. मनापासून आभार.

वाडा_चिरेबंद | ११ जुलै, रात्री ९:४५

फार बरं वाटलं. एअर नीट काढली ना?

कृष्णाकाठ | ११ जुलै, रात्री १०:००

हो. पुढची चाकं चढावर घेतली, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) सैल करून बुडबुडे थांबून नुसतं पाणी येईपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी गार असताना बाटलीत कपभर घालावं लागलं, मग पातळी टिकली.

रानवारा_२१ | १२ जुलै, सकाळी ९:१५

मी घाई करत होतो, माझं चुकलं. आता एक शंका. माझ्या गाडीत हिरवं कूलंट आहे, दुकानदार गुलाबी देतोय. चालेल? आणि वरून आमच्या बोअरचं पाणी घातलं तर?

जुना_फिटर | १२ जुलै, सकाळी ११:३०

रंगावर जाऊ नका, रंग कंपनी ठरवते. गाडीच्या पुस्तकात कुठल्या प्रकारचं लिहिलंय ते बघा आणि तेच घ्या. दोन प्रकार मिसळले की गंजरोधक रसायनं एकमेकांना मारतात, कधी कधी आत जेलीसारखा गाळ होतो. बदलायचंच असेल तर जुनं पूर्ण काढून, साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन मग नवं.

बोअरचं पाणी नकोच. पाणी उकळायच्या पातेल्याच्या तळाला जे पांढरं कवच धरतं, तेच रेडिएटरच्या नळ्यांत धरतं. दाट कूलंट आणलं तर डिस्टिल्ड वॉटर निम्मं, नाहीतर तयार मिसळलेलं घ्या. रस्त्यात अडचण आली आणि दुसरं काही नसलं तर बाटलीबंद पिण्याचं पाणी घाला, पण घरी आल्यावर बदला.

कृष्णाकाठ | ९ ऑगस्ट, रात्री ८:२०

महिन्याभराने कळवते. पुण्याच्या दोन फेऱ्या झाल्या, साडेसहाशे किलोमीटर. बाटलीवर चिकटपट्टी लावून पेनाने रेघ मारली होती, पाणी त्याच रेघेवर आहे. पांढरा धूर बंद. परवा खंबाटकीत भर पावसात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, फोनवर ९४ डिग्रीच्या वर आकडा गेला नाही. वडील रोज सकाळी बॉनेट उघडायला लावतात आणि रेघ बघून येतात.

जुना_फिटर | ९ ऑगस्ट, रात्री ९:०५

छान. आता एक करा. कूलर बदलताना जे होज काढले होते त्यांचे क्लॅम्प एकदा गार इंजिनावर तपासून घ्या. नव्याने बसवलेलं रबर हजार किलोमीटरपर्यंत थोडं बसतं, अर्धा आटा आवळावा लागतो.